डोळे उघडे ठेवून ऐकायचे गाणे

हुबळी-धारवाडकडच्या माणसाने गाण्यावर लिहायला घेतले, की वाचकाच्या कानात आधी तंबोरा वाजू लागतो. ते साहजिकच आहे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी ही सगळी याच मुलखाची माणसे. आमच्याकडे गाणे ऐकायचे ते डोळे मिटून. गवयाच्या हातवाऱ्यांकडे पाहत बसणारा श्रोता कच्चा, अशीच समजूत माझ्या लहानपणी होती. मी आज लिहिणार आहे ते याच्या अगदी उलट्या गाण्यांबद्दल. डोळे मिटले तर ज्यांतले अर्धे हातचे जाते अशी ही गाणी, आणि तीही इंग्रजी, रॉक नावाची. संपादकांनी पत्रात 'सर, काहीतरी शाळेबद्दल लिहा' असे सुचवले होते. हा लेखही शाळेबद्दलच आहे. वळसा तेवढा जरा लांबचा आहे.

१९९१ साली स्टार टीव्ही आला आणि त्याबरोबर एमटीव्ही. कर्नाटक विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम.ए. करत असताना धारवाडला ज्या घरी मी भाड्याने राहत होतो, तिथे घरमालकांनी केबल घेतली होती. ती त्यांनी घेतली होती क्रिकेटसाठी. रात्री दहानंतर मंडळी झोपली, की टीव्हीचा आवाज मुंगीएवढा करून मी आणि शेजारच्या खोलीतला एक बागलकोटचा मित्र एमटीव्ही पाहत असू. आवाज इतका लहान, की गाणे जवळजवळ दिसतच असे. या प्रकारच्या गाण्याशी माझी ओळख कानांआधी डोळ्यांनी झाली ती अशी.

त्या वर्षांत अमेरिकेत आणि इंग्लंडात ज्याला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणत ते संगीत ऐन भरात होते. शब्दशः भाषांतर केले तर 'पर्यायी रॉक' होईल आणि रस्ता खोदल्यावर लावतात त्या पाटीची आठवण येईल. पण ती पाटी तशी चुकीची नाही. झगमगीत कपडे, धूर, आतषबाजी हा रॉकचा हमरस्ता सोडून जुने शर्ट घालून, केस विंचरायचे विसरून गाणाऱ्या या टोळ्या आडरस्त्यानेच निघाल्या होत्या. त्यांच्या गाण्याबरोबर दाखवायच्या तीन-चार मिनिटांच्या चित्रफिती, म्हणजे म्युझिक व्हिडिओ, हा मुळात जाहिरातीचाच प्रकार. तबकडी खपावी म्हणून कंपनी पैसे घालते. तरीही त्यांतल्या काही चित्रफिती मला इंग्रजीच्या अभ्यासक्रमातल्या कवितांइतक्याच पुनःपुन्हा वाचाव्याशा वाटल्या.

आपल्या चित्रपटगीतांत साधारण रीत अशी, की शब्दांत पाऊस आला की पडद्यावर पाऊस पडतो. गाण्याने बोलायचे आणि चित्राने मान डोलवायची. या चित्रफितींतले चित्र मान डोलवत नाही. गाणे एक सांगत असते, चित्र दुसरेच काही घेऊन शेजारी येऊन बसते आणि दोघांच्या मधल्या जागेत तिसराच अर्थ उगवतो. आमच्या काव्यशास्त्राच्या सरांनी व्यंजना शिकवताना जी उदाहरणे दिली, त्यांपेक्षा हे उदाहरण मला लवकर कळले.

आर.ई.एम. या अमेरिकन मंडळींचे 'लूजिंग माय रिलिजन' हे गाणे १९९१ चे. मेंडोलिनवर उभे असलेले. नाव वाचून धर्म सोडल्याचे गाणे वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात हा एक वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ सहनशीलता संपणे, भान सुटणे. गाणे आहे मनातले सांगावे की सांगू नये या घालमेलीत सापडलेल्या माणसाचे. म्हणजे शब्दांत देव नाही. चित्रफितीत मात्र देवच देव आहेत! पंख असलेला म्हातारा देवदूत, बाण लागलेला संत, जखमेत बोट घालून खात्री करू पाहणारी माणसे, आणि या सगळ्यांत आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरल्यासारखी रंगीत, सजलेली मंडळी. दिग्दर्शक होता तरसेम सिंग, जालंधरचा जन्म असलेला. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत या एका चित्रफितीने सहा पारितोषिके मिळवली. गाण्यात नसलेला धर्म चित्रांनी त्यात आणून बसवला आणि आता जगातले बहुतेक लोक ते गाणे श्रद्धेबद्दलचे म्हणूनच ऐकतात. शब्दार्थावर चित्रार्थाने मात केली ती अशी.

हे त्याने कसे साधले, ते सांगण्यासारखे आहे. त्या चित्रफितीत प्रकाशाच्या दोन तऱ्हा आहेत. एक इटलीच्या काराव्हाज्जियो या चित्रकाराची, सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरची: सगळीकडे अंधार, एका बाजूने उजेडाचा झोत आणि त्यात चेहरे. त्या चित्रांतली माणसे आपल्याकडे पाहत नाहीत. ती जखमेकडे पाहतात. दुसरी तऱ्हा आपल्या कॅलेंडरांची. तिथे उजेड समोरून, सावली जवळजवळ नाही आणि देव थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो. आपण त्याला 'दर्शन' म्हणतो आणि त्यात देवाने आपल्याला पाहणेही धरलेले असते. मनातले बोलावे की लपवावे या कोंडीत असलेल्या माणसाच्या गाण्यात या दोन तऱ्हा आलटून पालटून येतात: आता कुणी त्याच्याकडे पाहत नाही, आता सगळे त्याच्याकडेच पाहताहेत. शब्दांतली घालमेल उजेडाने सांगितलेली आहे.

कॅलेंडरातले हे समोर पाहणारे देव आपल्याकडे घरोघर पोहोचले ते राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्या छापखान्यासाठी काम केले होते. त्यांच्या रामाला आणि कृष्णाला पाहून प्रेक्षक हात जोडत, त्यामागे त्या छापील देवांचा हात होताच. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी तीच समोरासमोरची नजर दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणली. मराठी वाचकाच्या हाती दिवाळीत अंक पडला, की मुखपृष्ठावरची बाई त्याच्याकडे बघून हसते, ती काही उगीच नाही! तेव्हा अमेरिकन गाण्याच्या चित्रफितीत ही नजर दिसली, तेव्हा मला परके वाटले नाही. आपल्याच घरचा आरसा दूरच्या नातेवाइकाकडे लटकलेला पाहावा, तसे वाटले.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर 'स्मॅशिंग पम्पकिन्स'च्या १९९६ च्या 'टुनाइट, टुनाइट' या चित्रफितीचा उल्लेख करून पुढे जातो. ती सगळी फ्रान्सच्या मेलिएसने १९०२ साली काढलेल्या चंद्रयात्रेच्या मूकपटासारखी घडवलेली आहे: पुठ्ठ्याचा चंद्र, रंगवलेले आकाश, दोऱ्यांवर सरकणारे ढग. मोठी गोड आहे. पण तिच्यात गोडव्यापलीकडे मला फारसे सापडले नाही.

याच्या उलट 'रेडिओहेड' या इंग्लिश मंडळींचे 'जस्ट' (१९९५). एक नीटनेटका माणूस रस्त्यात चालता चालता फुटपाथवर आडवा होतो आणि उठायला नकार देतो. लोक जमतात, विचारतात, चिडतात. वर घरात वाद्यवृंद आपले गाणे वाजवतोय आणि खालचे संभाषण पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटतेय. लोकांनी फारच छळल्यावर तो माणूस अखेर कारण सांगतो, आणि नेमकी तिथे अक्षरे बंद होतात. ओठ हलतात, आपल्याला काही कळत नाही. पुढच्या दृश्यात ते सगळे लोक त्याच्या शेजारी आडवे पडलेले! दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्ज याने तो काय बोलला हे सांगितलेले नाही. आम्ही सीमेवरची माणसे अक्षरे वाचत चित्रपट पाहण्यात मुरलेली. कन्नड, मराठी, हिंदी, तेलुगू, एक भाषा ऐकायची आणि दुसरी वाचायची. त्यामुळे अक्षरे गेल्यावर पायाखालचा पाट काढून घेतल्यासारखे होते, ते आम्हांला दुप्पट जाणवते. वगळणे हेही एक तंत्र आहे. नागराज मंजुळे यांनी 'सैराट'च्या (२०१६) शेवटी आवाजच काढून घेतला आणि उरली ती लहान मुलाची रक्ताळलेली पावले. वाजतगाजत गेलेल्या चित्रपटात ती शांतता गाण्यापेक्षा मोठी ऐकू येते. पुढच्याच वर्षी तो कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' नावाने आला. भाषा बदलली, शांततेचे भाषांतर करावे लागले नाही.

आता शाळेकडे येतो. योगायोग असा, की त्या पिढीच्या दोन सर्वांत गाजलेल्या चित्रफिती शाळेतच घडतात. 'निर्वाणा'चे १९९१ चे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' एका शाळेच्या व्यायामशाळेत आहे. दिग्दर्शक सॅम्युएल बेयर. सामन्याआधी मुलांना चेव यावा म्हणून अमेरिकेत शाळाशाळांतून सभा भरवतात, तशी ही सभा. पायऱ्यांवर मुले बसलेली, पुढे नाचणाऱ्या मुली, कोपऱ्यात फरशी पुसायचा दांडा घेतलेला शिपाई. पण उजेड मातकट पिवळा, जुन्या तेलाच्या रंगाचा, मध्ये धूर. आणि उत्साहासाठी भरलेल्या सभेतली मुले मख्ख. शेवटी ती उठून सगळी मोडतोड करतात. प्रजासत्ताक दिनाच्या परेडला उन्हात उभी केलेली नववी-दहावीची पोरे ज्याने समोरून पाहिली आहेत, त्याला त्या मख्ख चेहऱ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांना उत्साह नसतो असे नाही. दुसऱ्याने ठरवून दिलेल्या वेळी तो येत नाही.

दुसरी चित्रफीत 'पर्ल जॅम'ची, 'जेरेमी', १९९२ ची. मन्सूर गेले तेही त्याच वर्षी, सप्टेंबरात. धारवाड सुतकात असताना मी रात्री हे असले काही पाहत होतो, हे तेव्हा कुणाला सांगण्यासारखे नव्हते.

त्या गाण्यामागे वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी होती. टेक्सासमधल्या एका शाळकरी मुलाने १९९१ च्या जानेवारीत भर वर्गात, सगळ्यांसमोर स्वतःचा जीव घेतला. चित्रफितीचा दिग्दर्शक मार्क पेलिंग्टन याने गोष्ट सांगायला जो मार्ग घेतला तो आपल्याला फार जवळचा आहे. गणपतीत आपण 'जिवंत देखावा' करतो ना, माणसे रंगवून, सजवून, पुतळ्यांसारखी स्तब्ध उभी करतो, तोच हा मार्ग. मुलाचे आईवडील, शिक्षक, वर्गातली मुले, सगळी देखाव्यातल्यासारखी थिजलेली. हलतो, ओरडतो, चित्रे काढतो, धावतो तो एकटा मुलगा. मधून मधून पडद्यावर सुटे शब्द उमटतात, शेऱ्यांसारखे. देखाव्यात आपण स्तब्ध माणसांचे कौतुक करतो, पापणीसुद्धा हलवली नाही म्हणतो. इथे ती स्तब्धता हाच आरोप आहे. घरात, वर्गात सगळे जागच्या जागी असून कुणीही त्याच्याकडे वळत नाही, एवढे सांगायला एक शब्दही खर्ची पडलेला नाही.

शेवटी मुलगा वर्गात येतो, बाईंकडे सफरचंद टाकतो आणि वर्गाकडे तोंड करून उभा राहतो. पुढचे दृश्य, शस्त्र त्याने स्वतःकडेच वळवल्याचे, वाहिनीला चालले नाही. ते कापले गेले. उरला तो त्याच्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला तुकडा आणि त्यानंतर रक्ताचे शिंतोडे उडालेली, थिजलेली वर्गातली मुले. झाले असे, की पाहणाऱ्या पुष्कळांनी त्याचा अर्थ लावला, या मुलाने वर्गातल्या मुलांना मारले. स्वतःचा जीव घेणारा पोरगा एका कात्रीने दुसऱ्यांचा जीव घेणारा ठरला. हेतू चांगला होता. कोवळ्या मुलांनी भलते पाहू नये हाच. १९९३ साली या चित्रफितीला वर्षातली सर्वोत्कृष्ट म्हणून पारितोषिक मिळाले ते या कापलेल्या रूपालाच, आणि त्या मंडळींनी पुढे १९९८ पर्यंत नवी चित्रफीत काढली नाही. न कापलेले रूप त्यांनी २०२० साली उघड केले. म्हणजे अठ्ठावीस वर्षे तो चुकीचा अर्थ हिंडत राहिला.

मुख्याध्यापकाच्या टेबलावर असली कात्री नेहमीच असते. ट्रान्सफर सर्टिफिकेटावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात एक शब्द बसतो, फार तर दोन. एखाद्या मुलाने बाक मोडला हे लिहिता येते. आदल्या रात्री घरात काय मोडले हे लिहायला जागा नाही. आठवीपासून बोलणे कमी कमी करत गेलेला एक मुलगा माझ्या आधीच्या शाळेत होता. हजेरी चोख, तक्रार एकही नाही. स्टाफरूममध्ये त्याला 'फार गुणी' म्हणत. मी त्या वर्षी 'जेरेमी' पुन्हा पाहिली होती, म्हणूनच असेल, पण थिजलेल्या मंडळींत आपणच उभे आहोत असे वाटून मी त्याच्या घरी गेलो. तिथले काही इथे लिहिण्यासारखे नाही. तो आता बेळगावला नोकरी करतो, लग्न झाले, एवढे सांगितले तर चालेल.

हे सगळे पुन्हा वर आले ते २०२३ च्या डिसेंबरातल्या गॅदरिंगमुळे. अमरगोळ म्हटले की बाहेरच्या माणसाला एपीएमसीचे यार्ड माहीत असते: कांदा, मिरची, कापूस, ट्रकांची रांग. आमच्या दहावीतल्या चार मुलांनी गॅदरिंगसाठी स्वतःचे कन्नड गाणे रचले आणि मोबाइलवर त्याची तीन मिनिटांची चित्रफीत केली. एकाची गिटार, एकाचा पत्र्याच्या डब्यावर ठेका. या चौघांपैकी दोघांचे वडील यार्डात हमाली करतात. निर्वाणा किंवा पर्ल जॅम ही नावे त्यांनी ऐकलीही नव्हती. पण पहाटेच्या यार्डातल्या पिवळ्या दिव्यांचा उजेड त्यांनी तसाच ठेवला होता, आणि चित्रफितीभर एका हमालाची फक्त पाठ होती. पोते चढते, पाठ वाकते, चालते, पोते उतरते. चेहरा एकदाही नाही. शेवटी काट्यावरून पोते उतरवतात आणि त्याच काट्यावर गणवेशातला एक मुलगा दप्तरासकट चढतो. काट्याचा आकडा दिसतो आणि गाणे थांबते.

शिक्षकांना ती आवडली. शाळेच्या समितीतल्या एका गृहस्थांना काट्याचे दृश्य खटकले. यार्डातला काटा दाखवला म्हणजे 'मापात पाप' सुचवले, असे त्यांचे म्हणणे. पाच-सहा सेकंदांचा प्रश्न आहे, कापून टाका आणि बाकीचे खुशाल दाखवा.

मी मुलांना बोलावून विचारले, काटा कशासाठी? गिटारवाला म्हणाला, "सर, दप्तर किती जड आहे ते दाखवायचं होतं. बाकी काही नाही." मग मी विचारले, चेहरा का नाही दाखवला? मला वाटले होते, काहीतरी मोठे उत्तर येईल. चेहरा नसला की तो कुणीही हमाल होतो, असे काहीसे. मुलगा म्हणाला, "त्यांनी नको म्हटलं, सर. गॅदरिंगला सगळे येतात." काराव्हाज्जियो नाही, मेलिएस नाही. वडिलांना लाज वाटली म्हणून चेहरा गेला आणि जे उरले ते चेहऱ्यापेक्षा जास्त बोलू लागले.

समितीच्या गृहस्थांना मी 'जेरेमी'ची हकीकत सांगितली. ती त्यांना पटली असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणालो, की काटा काढला तर आधी वाकलेली पाठ उरेल आणि नंतर लगेच हसणारा मुलगा. पाहणारा म्हणेल, बाप राबतोय आणि पोरगा मजा करतोय. ते आपल्या शाळेच्या नावाला शोभेल का? काटा ठेवला तर दोघांच्या पाठीवरचे ओझे एकाच मापाने मोजले जाते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हेडसर, तुमच्या जबाबदारीवर." मी तसे लिहून दिले.

गॅदरिंगच्या रात्री अंगणात पडदा बांधला होता. यार्डातली बरीच मंडळी आली होती, काही आंघोळ करून, भांग पाडून, काही थेट कामावरून. पाठ दिसू लागल्यावर पहिल्या मिनिटात थोडी हसाहशी झाली, नावे घेतली गेली. मग आवाज बंद झाला. काट्यावर मुलगा चढला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी आकडा मोठ्याने वाचला, यार्डात वाचतात तसा, लांब हेल काढून.

दुसऱ्या दिवशी डबा वाजवणारा मुलगा मला सांगत होता, की यार्डातल्या तीन हमालांनी ती पाठ आपलीच असल्याचे आपापल्या घरी सांगितले आहे. खरी कुणाची, ते त्याने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.